अस्वलाची दाढ आणि बाजारचा बैल

मला गोष्टी सांगता येत नाहीत. हे मी शाळेच्या बाईंना तीनदा सांगितलं. बाई म्हणाल्या, "आजोबा, मुलांच्या हस्तलिखितात दातांवर काहीतरी पाहिजे. तुम्ही द्या." आता चौथीत दोनदा बसून घरी आलेल्या माणसाने काय लिहायचं? मी म्हटलं, गावात दातांच्या शिबिराला डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांना सांगा. तर म्हणतात, "त्या माहिती देतात. तुम्ही गोष्ट द्या. आणि खाली तात्पर्य हवं." गोष्ट व्हायच्या आधी तात्पर्याची घाई! पण बाई ऐकणाऱ्यातल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर दातांचं मला थोडं कळतं. तीस वर्षं मी बैलांच्या बाजारात दात बघून बैलांचं वय सांगत होतो. काही लोकांना हे काम हलकं वाटतं. गेल्या महिन्यातल्या त्या शिबिरात एकाने ते सगळ्या गावासमोर बोलूनही दाखवलं. त्याचं नाव मी शेवटी लिहिणार आहे. आधी गोष्ट. चुळबूळ करू नका, आणि मध्ये विचारू नका.

एका जंगलात एक अस्वल राहत असे. अंगाने मोठं, केस झिपरे, आणि आवाज असा की ते डोंगरापलीकडे खोकलं तरी अलीकडची पाखरं उडायची. मनाने वाईट नव्हतं. पण कोणी चार शब्द शिकवायला गेलं की त्याच्या नाकाला मिरची झोंबायची.

त्याच जंगलात एक म्हातारा बैल होता. जंगलात बैल कुठून आला, असं विचाराल. चार बाजारांत चार वेळा विकलेला बैल तो. चौथ्या बाजारातून जाताना घाटात गाडीचा कणा मोडला. माणसं कण्याभोवती भांडत बसली आणि हा सुटलेला बैल हळूच झाडीत शिरला, तो शिरलाच. पहिल्याच संध्याकाळी समोर अस्वल. बैलाला वाटलं, संपला आपला बाजार. अस्वलाने त्याला डोक्यापासून शेपटापर्यंत हुंगलं आणि विचारलं, "मोहाची फुलं खातोस का?"

बैल म्हणाला, "कधी कोणी दिली नाहीत."

"मग आज खा."

तिथून दोस्ती झाली. अशी दोस्ती आता बघायला मिळत नाही. मोहाच्या झाडाखाली दोघं बसायचे. अस्वल फांदी हलवायचं, बैल खाली पडलेली फुलं टिपायचा. बैलाच्या पाठीवर एक पांढरा बगळा असायचा, गुरांच्या अंगावरच्या गोचड्या वेचतो तो. वेचता वेचता दोघांचं बोलणं ऐकायचा आणि मधूनच चोच घालायचा.

एकदा अस्वलाने विचारलं, "बाजारात नेमकं करतात काय रे?"

बैलाने रवंथ थांबवलं. मग म्हणाला, "जबडा दाबतात. जीभ बाजूला ओढतात. तोंडात अंगठा घालून दात मोजतात. दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की जुळलेला. एक झाला की दुसरा येतो, तोही अंगठा घालतो. दिवस मावळेपर्यंत तोंडाला सगळ्या बाजाराची तंबाखू लागलेली असते. इथे आलो तेव्हाच ठरवलं, आता माझे दात कोणी बघायचे नाहीत."

अस्वल हसलं नाही. म्हणालं, "कोण बघतो तेच मी बघतो."

बैलाने ही गोष्ट जन्मात दुसऱ्या कोणाला सांगितली नव्हती. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता त्या जंगलाची एक रीत सांगतो. ती रीत कोणी घातली ते हत्तीलाही आठवत नव्हतं. दिवस कलला की सगळे पाणवठ्यावर जमायचे. वानरं कडुलिंबाच्या काड्या मोडून खाली टाकायची. ज्याला त्याला एक काडी. ती चावायची, दात घासायचे, मग पाण्यात तोंड घालून चूळ भरायची आणि खडकावर थुंकायची. रानडुकरं लांब थुंकायची पैज लावायची. सांबराची पाडसं पाणी गिळून टाकायची आणि आईच्या लाथा खायची. आपण एकमेकांना "जेवलास का?" विचारतो ना, तसं त्या जंगलात विचारायचे, "चूळ झाली का?" चूळ झाली म्हणजे दिवस चांगला गेला. सगळ्या पाणवठ्याला लिंबाचा कडू वास यायचा. आम्हीसुद्धा बाजारच्या वाटेने पहाटे चालायचो तेव्हा काडी तोंडातच असायची, बोलणं तिच्या बाजूने व्हायचं. तो वास आता कुठे येत नाही. आता सगळ्यांच्या तोंडाला पुदिन्याचा वास येतो. असो.

एका उन्हाळ्यात अस्वलाला पलीकडच्या कड्यावर आग्या मोहोळं सापडली. एक नाही, अकरा. झालं. अस्वलाचा मुक्कामच तिकडे हलला. दिवसभर मध खायचं आणि झोपताना पोळ्याचा एक तुकडा गालात ठेवायचा, मुलं गोळी ठेवतात तसा. पाणवठ्यावर जायला कड्यावरून खाली उतरावं लागे. "आज दमलोय, उद्या येतो," म्हणायचं. उद्याही दमलेलंच असायचं. महिना गेला, दोन गेले. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा अस्वल म्हणालं, "मोहोळाचा काटा लागला असेल." मोहोळाला काटा कधी असतो का?

पावसाळा संपता संपता अस्वलाचे गुडघे सुजले. मग बारीक ताप राहायला लागला. तहान अशी की ओढा आटावा. पायाला दगड लागला होता, ती जखम दोन महिने ओलीच. चार पावलं चढलं की धाप. अंगावरचं मांस उतरून कातडं लोंबायला लागलं, जसं दुसऱ्याचं घोंगडं पांघरलंय.

जंगलात एक कोल्हा वैद्यकी करायचा. तो आला, शेपटी झटकून बसला आणि म्हणाला, "महाराज, कुठे दुखतं?"

"गुडघा."

कोल्ह्याने गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधला. दुसऱ्या खेपेला तापासाठी काढा दिला आणि काढा कडू लागतो म्हणून त्यात मध घातला. तिसऱ्या खेपेला जखमेवर लेप. जाताना दर वेळी मधाचं एक पोळं घेऊन जायचा. अस्वलाच्या तोंडाला घाण वास येत होता तो कोल्ह्याला कळत नव्हता असं नाही. तो बोलताना तोंड फिरवून बसायचा. पण मोठ्या गिऱ्हाइकाला तोंडावर कोण सांगतो?

एके दिवशी अस्वल बऱ्याच महिन्यांनी लंगडत पाणवठ्यावर आलं. सगळे उठून उभे राहिले. बैलाला तर काय करू नि काय नको असं झालं. त्याने मोहाची सुकवून ठेवलेली फुलं पुढे केली. अस्वल खायला लागलं, आणि बैल बघतच राहिला. अस्वल एकाच बाजूने चावत होतं. मान वाकडी करून. आणि अर्धी फुलं लाळेबरोबर तोंडातून खाली पडत होती.

बैल हळूच म्हणाला, "गड्या, तुझे दात बघू दे."

 अस्वल चावायचं थांबलं. "काय म्हणालास?"

"दात बघू दे म्हटलं. बाजारात माझ्या शेजारी एक खोंड बांधलेला असायचा. छाती अशी, खांदा असा. पण एकाच बाजूने चावायचा आणि वैरणीचे बोळे खाली टाकायचा. मालक त्याच्या खुरांना तेल चोळत बसला. दुखणं दाढेत होतं. दोन महिन्यांत बरगड्या मोजता यायला लागल्या. तुझा गुडघा राहू दे, आधी तोंड उघड."

आता अस्वलाने काय करायला हवं होतं? तोंड उघडायला हवं होतं. पण सगळं जंगल बघत होतं ना! कोल्हाही एका बाजूला उभा राहून मिशीत हसत होता. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं आणि ओरडलं, "दात बघायला मी काय बाजारचा बैल आहे? चार वेळा विकला गेलास तू! जबडे दाबून घेतलेस तू! लोकांचे अंगठे चोखून इथे आलास आणि माझ्या तोंडात बघतोस?"

मोहाखाली सांगितलेली गोष्ट पाणवठ्यावर आली. पाडसांनाही कळली. रानडुकरं फिदीफिदी हसली.

 बैलाने मान खाली घातली, जू ठेवायच्या वेळी घालतात तशी, आणि निघून गेला. बगळा मात्र उडता उडता म्हणाला, "अस्वलभाऊ, आवाज मोठा आहे तुझा, पण वास त्याच्याहून मोठा आहे."

त्यानंतर दोघं बोलले नाहीत. पण रोज संध्याकाळी कडुलिंबाची एक ताजी काडी अस्वलाच्या गुहेच्या तोंडाशी पडलेली असायची. कोण ठेवतं ते अस्वलाला ठाऊक होतं. खुरांचे ठसे काय लपतात? अस्वल काडी बघायचं आणि पायाने बाजूला सारायचं. काड्यांचा ढीग झाला. अस्वलाला मोहाचं झाड आठवायचं, फुलं टिपणारा बैल आठवायचा, "चूळ झाली का?" म्हणत येणारी सगळी मंडळी आठवायची. तिथपर्यंत उतरून जाणं अवघड नव्हतं. अवघड होते ते पहिले दोन शब्द.

हिवाळ्यात अस्वल गुहेतून बाहेर यायचं थांबलं. गाल भोपळ्याएवढा सुजला होता, एक डोळा बंद. पाणीही तोंडातून बाहेर येत होतं. कोल्हा दारापर्यंत आला, नाक दाबलं आणि म्हणाला, "आता वेळ भरली." आणि उरलेलं एक पोळं उचलून गेला. इतका निलाजरा प्राणी मी दुसरा पाहिलेला नाही.

बगळ्याने हे बैलाला सांगितलं. बैल म्हणाला, "चल."

बगळा म्हणाला, "तो पुन्हा तेच बोलेल."

"बोलू दे. बोलायला तरी तो राहिला पाहिजे."

बैल गुहेत शिरला. अस्वलाने एक डोळा उघडला. बैलाला वाटलं असतं तर तो खूप काही बोलू शकला असता. मी असतो तर बोललो असतो. पण बैलाने काय केलं, तर तो अस्वलासमोर गुडघे टेकून बसला आणि स्वतःचं तोंड उघडलं.

"मोज," बैल म्हणाला.

अस्वलाला काही कळेना.

"माझे दात मोज. आजवर शंभर जणांनी जबडा दाबून मोजले. आज पहिल्यांदा मी आपणहून दाखवतोय. मोज."

अस्वलाने बघितलं. खालच्या ओळीत पुढचे आठ दात. झिजून खुंट झालेले, पिवळे पडलेले, पण एकही किडलेला नाही. हिरड्या गुलाबी. अस्वलाचा उघडा डोळा भरून आला. त्याने पुटपुटत मोजले, "आठ."

"बाजारात कशाला बघतात, ठाऊक आहे?" बैल म्हणाला. "चार पाय धडधाकट दिसतात, छाती दिसते, तरी आधी तोंड बघतात. कारण बैल उभा राहतो तो तोंडाने खाल्लेल्यावर. त्यांनी बघितलं ते आपण फसू नये म्हणून. मी बघतो ते तू मरू नयेस म्हणून. आता तू उघड."

अस्वलाने तोंड उघडलं.

बगळा बैलाच्या पाठीवरून धप्पकन खाली पडला. वास तसाच होता. मग उठला, पंख झटकले आणि आत डोकावला. "मागची दाढ," तो म्हणाला, "नुसतं भोक राहिलंय. हिरडीत पू. मेणाचा गोळा अडकलाय, तो तर गेल्या उन्हाळ्यातला असेल." त्याने चोचीने मेण काढलं, सडका कचरा काढला. दाढ हलत होती पण निघेना. तेव्हा बगळ्याने एक चिवट वेल आणली, दाढेभोवती फास टाकला आणि दुसरं टोक बैलाच्या खांद्यावर अडकवलं.

बैल म्हणाला, "गड्या, जन्मभर लोकांच्या गाड्या ओढल्या. घाटात ऊस ओढला, दगड ओढले. पण इतकं जड काही ओढलं नव्हतं." आणि त्याने एक हिसका दिला.

अस्वलाने फोडलेली आरोळी तीन डोंगरांवर ऐकू गेली. दाढ वेलीला लटकत बाहेर आली, आणि मागून वाटीभर पू. बगळा म्हणाला, "एवढं सगळं तू रोज गिळत होतास. आणि औषध गुडघ्याला!"

अस्वल लगेच उड्या मारायला लागलं असं मी सांगणार नाही. तशा गोष्टी दुसरे सांगतात. दोन दिवस ते निपचित पडून होतं. मग गाल उतरला. ताप गेला. रोज काडी चावायची, चूळ भरायची, गालात मध ठेवायचा नाही, हे बैलाने उभं राहून करून घेतलं. महिनाभरात जखम सुकली, दोन महिन्यांनी धाप कमी झाली. एक गुडघा मात्र शेवटपर्यंत थोडा आखडलेला राहिला. उशीर केला की काही ना काही जातंच.

चालता यायला लागल्यावर अस्वल पहिलं कुठे गेलं? पाणवठ्यावर. मोहाखाली नाही. कारण जे बोललं होतं ते पाणवठ्यावर बोललं होतं. सगळे जमल्यावर ते बैलासमोर उभं राहिलं आणि म्हणालं, "ज्याने तुला बाजारचा बैल म्हटलं, त्याच्या तोंडात तेव्हा पू होता. आता धुतलंय. माझं चुकलं, गड्या."

बैल म्हणाला, "चूळ झाली का?"

"झाली."

"मग बस." आणि दोघं मोहाची फुलं खायला बसले. पुढे किती वर्षं ते तसे बसत होते. पाणवठ्यावर लिंबाचा वास होता, दिवस कलत होता, आणि रानडुकरं लांब थुंकायची पैज लावत होती. झाली गोष्ट.

आता माझं. शिबिरात डॉक्टरीणबाई मुलांचे दात तपासून मोठ्यांनाही बोलावत होत्या. त्या सांगत होत्या की हिरड्या सडल्या की रक्तातली साखर हटत नाही, आणि साखर वाढली की हिरड्या आणखी सडतात. काळजालाही त्याचा त्रास होतो. माझ्या शेजारी माझा दोस्त उभा होता. तीस वर्षं आम्ही बाजाराची वाट बरोबर चाललो, एकाच लिंबाच्या काड्या मोडल्या. त्याला साखर आहे, पायाची जखम दिवाळीपासून ओली आहे, आणि भाकरी तो एकाच बाजूने चावतो. मी म्हटलं, "जा, दात दाखव." तो सगळ्या गावासमोर ओरडला, "तू जन्मभर बैलांच्या तोंडात अंगठे घातलेस, आता माझ्या घालतोस काय?" पोरं हसली. तो तसाच काठी टेकत घरी गेला. महिना झाला. पारावरची त्याची जागा रिकामी आहे. मी रोज तिथे लिंबाची काडी ठेवतो, दुसऱ्या दिवशी वाळलेली उचलतो. बाई म्हणाल्या तसं खाली तात्पर्य लिहिलंय. त्याला वाचता येत नाही, तेव्हा मुलांनो, त्याच्या दारात जाऊन मोठ्याने वाचा.

तात्पर्य : अंगाला जे लागतं ते तोंडातून जातं, मग ते अन्न असो नाहीतर पू, म्हणून दुखणं पायात असलं तरी तोंड साफ आहे का ते बघावं, आणि आपला माणूस "दात दाखव" म्हणाला तर त्यात अपमान मानू नये. डॉक्टरीणबाई येत्या सोमवारी पुन्हा येणार आहेत, मी तुझ्याबरोबर येतो आणि आधी माझे दात दाखवतो. माफी त्यानंतर मागितलीस तरी चालेल, पण दोन्हीसाठी तोंडच उघडावं लागतं, यसबा रावजी मुळीक.